जुन्या होडीची सुधारणा : डागडुजी, तरंगशक्ती व भाररेषा

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी यांसारख्या जलाशयांत आणि पंचगंगेच्या खोऱ्यात मासेमारीसाठी लहान होड्या वापरल्या जातात. नव्या होडीची किंमत परवडत नाही म्हणून पुष्कळ मच्छीमार बंधू व शेततळ्यात मत्स्यपालन करणारे शेतकरी वापरलेली फायबरची होडी विकत घेतात. योग्य डागडुजी केल्यास अशी होडी दीर्घकाळ सेवा देते. परंतु होडी हाती येताच पहिला खर्च रंगावर किंवा यंत्रावर केला जातो, असे पुष्कळदा आढळते. वास्तविक पहिला खर्च पाणी आत येऊ न देण्यावर, दुसरा पाणी भरले तरी होडी बुडू न देण्यावर, आणि उरलेला इतर सोयींवर व्हावयास हवा.

या क्रमाला कोल्हापूर भागात विशेष महत्त्व आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या महापुरांत गावोगावच्या होड्या माणसे हलविण्यासाठी बाहेर काढाव्या लागल्या. उन्हाळ्यात दोघांना घेऊन जाळे टाकणारी होडी पावसाळ्यात अख्ख्या कुटुंबाचा आधार ठरू शकते. म्हणून तिची तयारी एप्रिल-मे महिन्यांतच पूर्ण करावी.

होडीची तपासणी

होडी जमिनीवर जुन्या टायरांवर सपाट ठेवावी. आतील तळफळ्या काढून चिखल व शेवाळ धुऊन टाकावे आणि होडी उन्हात वाळू द्यावी. नंतर लाकडी मुठीने तळ, काठ व मागची पाटी ठोकून पाहावी. टणक आवाज आल्यास भाग चांगला समजावा. बद्द आवाज आल्यास थर सुटले आहेत किंवा आतील लाकूड कुजले आहे असे समजावे. मागच्या पाटीत बहुधा प्लायवूड असते. बोल्टाच्या छिद्रांतून पाणी शिरून ते प्रथम कुजते. ज्या पाटीवर यंत्र बसवावयाचे तीच कुजकी असेल, तर यंत्राच्या भाराने ती फाटण्याचा धोका असतो.

यानंतर होडीत चार बोटे पाणी भरून बाहेरून पाहावे. जेथे पाझर दिसेल तेथे खडूने खूण करावी. होडी काठोकाठ भरू नये. पाण्याच्या वजनाने तळ फुटू शकतो.

भेगांची दुरुस्ती

भेगेवर नुसते लांबी किंवा डांबर भरल्यास ते काही दिवसांत सुटते. भेगेच्या दोन्ही बाजूंचे फायबर उतरते घासून घ्यावे. उतार जाडीच्या सुमारे बारा पट ठेवावा. म्हणजे तळ ५ मिलिमीटर जाड असल्यास भेगेपासून प्रत्येक बाजूस ६ सेंटिमीटर घासावे. धूळ पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. मग फायबरच्या मॅटचे तुकडे लहानमोठे कापून, रेझिनमध्ये भिजवून, एकावर एक बसवावेत आणि रोळीने दाबून आतील हवेचे बुडबुडे काढावेत.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये घट्ट करणारे द्रावण सामान्यतः शेकडा १ ते २ या प्रमाणात लागते. विक्रेत्याने दिलेले प्रमाण काटेकोर पाळावे. उन्हात रेझिन फार लवकर घट्ट होते, यास्तव हे काम सकाळी सावलीत करावे व एका वेळी थोडेच मिश्रण कालवावे. घट्ट करणारे द्रावण आणि कोबाल्टचे द्रावण ही दोन्ही परस्परांत थेट कधीही मिसळू नयेत; त्यांचा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून, त्यानंतरच दुसरे द्रावण घालावे. हातमोजे, चष्मा व नाकावर योग्य मुखपट्टी वापरावी. जवळपास विडी अथवा विस्तव नसावा.

तरंगशक्ती

फायबर पाण्यापेक्षा जड असल्यामुळे पाणी भरलेली होडी आधाराविना तळाशी जाते. हा आधार घरच्या घरी देता येतो. बंद डबा जितके लिटर पाणी बाजूस सारतो, तितके किलो वजन तो उचलतो. त्यातून डब्याचे स्वतःचे वजन वजा करावे. अर्थात २० लिटरचा प्लॅस्टिकचा रिकामा कॅन सुमारे १९ किलोचा आधार देतो.

उदाहरणार्थ, होडीचे वजन १२० किलो आहे असे समजू. पाण्याखाली गेल्यावर फायबरचा भार सुमारे तिसऱ्या हिश्शावर येतो, म्हणजे ४० किलो. यंत्र, नांगर व इतर लोखंडी सामान यांसाठी ४० किलो धरावेत. अर्धवट पाण्यात राहून होडीला धरणाऱ्या तीन माणसांसाठी प्रत्येकी २५ किलो धरल्यास एकूण १५५ किलो होतात. याकरिता नऊ कॅन लागतात; दोन्ही बाजू समान राहाव्यात म्हणून दहा बसवावेत.

कॅन तळाशी न बांधता बैठकीखाली व काठालगत उंचावर, दोन्ही बाजूंना सारखे बांधावेत. तळाशी बांधल्यास भरलेली होडी उलटते. टोपणे सकाळच्या गारव्यात घट्ट लावावीत. भर दुपारी बंद केलेल्या कॅनमधील हवा थंड पाण्यात आकसते व टोपणातून पाणी आत ओढले जाते. थर्मोकोल वापरल्यास त्यास पेट्रोल लागू देऊ नये, ते विरघळते.

इतर सुधारणा

तळफळ्या सहज निघतील अशा बसवाव्यात, म्हणजे साचलेले पाणी उपसता येते. फळ्यांना रंग ओला असताना बारीक कोरडी वाळू भुरभुरावी. ओल्या पायांना पकड मिळते. जाळे अडकेल असा खिळा किंवा बोल्टाचे टोक वर राहू देऊ नये. उपसण्याचे भांडे दोरीने होडीस बांधावे. यंत्र असले तरी दोन वल्ही आणि प्रत्येक माणसासाठी जीवरक्षक जाकीट होडीत असलेच पाहिजे.

भाररेषा व अंतिम चाचणी

दुरुस्त होडी कमरेइतक्या शांत पाण्यात उतरवून वाळूची पोती एकेक करून समतोल ठेवावीत. पाण्यावर किमान सव्वा वीत, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, काठ उरेल तेथे थांबावे. पाण्याच्या पातळीवर दोन्ही बाजूंस पांढरी रेघ ओढावी आणि पोत्यांचे एकूण वजन काठावर रंगवावे. ओले जाळे, मासे व यंत्र यांचे वजन वजा करून उरलेल्या वजनास ७५ ने भागल्यास माणसांची संख्या मिळते. शेवटी पोती काढून होडीत मुद्दाम काठोकाठ पाणी भरावे. ती सरळ तरंगत राहिली तरच काम पुरे झाले असे समजावे.

ही रेघ पुराच्या दिवशीही तितकीच बंधनकारक आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी, क्षमतेपेक्षा अधिक माणसे असलेली होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. घाबरलेल्या माणसांना ‘पुढच्या खेपेस या’ असे सांगणे कठीण असते. काठावर रंगविलेला आकडा नावाड्याचे ते काम सोपे करतो.

राधानगरी जलाशयावरील मच्छीमारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीस येताच आपोआप उघडतात. त्यामुळे पावसाळ्यात होडी त्या बाजूस नेऊ नये. होडी कितीही उत्तम दुरुस्त केलेली असली, तरी त्या ओढीपुढे वल्हे चालत नाही.