एक्सेलमधील एरर : लपवायची की वाचायची?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, गुणतक्त्यात मध्येच #व्हॅल्यू! दिसलं की ते कसंही करून घालवावंसं वाटतं. पण ते घालवण्याआधी वाचायला हवं, नाहीतर नुकसान मुलांचं होतं.

एक्सेल ही एक प्रकारे प्रोग्रामिंगची भाषाच आहे. आपण चौकटीत काय हवं एवढंच लिहितो, उदा. =बी२+सी२. कोणतं गणित आधी करायचं ते एक्सेल ठरवतं. पायथॉनमध्ये चूक आली की प्रोग्राम थांबतो किंवा चूक हाताळणाऱ्या ओळींकडे वळतो. एक्सेलमध्ये मात्र चूक हीच त्या चौकटीची किंमत होते आणि त्या चौकटीवर अवलंबून असलेल्या पुढच्या चौकटींत जाते. म्हणून एका मुलाच्या ओळीतली चूक वर्गाच्या सरासरीतही दिसते.

नेहमी दिसणाऱ्या चुका :
१) #डिव्ह/०! – शून्याने भागलं. रिकाम्या रकान्याची सरासरी काढली तरी हेच येतं.
२) #व्हॅल्यू! – बेरजेत आकड्याच्या जागी अक्षरं आली.
३) #एन/ए – शोधलेला हजेरी क्रमांक यादीत सापडला नाही.

आता उदाहरण बघू. दोन चाचण्या, चार मुलं. तिघांची बेरीज १८, १६, १४. चौथा एका चाचणीला गैरहजर, म्हणून तिथे 'गै' लिहिलं. त्याच्या बेरजेत #व्हॅल्यू! आलं. २००७ च्या एक्सेलपासून इफएरर हे फंक्शन मिळतं. ते वापरून 'चूक आली तर ०' असं लिहिलं की तक्ता स्वच्छ दिसतो. पण सरासरी १६ ऐवजी १२ होते, आणि आजारी मुलगा नापास दिसतो! शिवाय उद्या कोणी १८ ऐवजी '१८ गुण' टाईप केलं, तर तेही गुपचूप शून्य होईल.

मग करायचं काय? जी अडचण आपल्याला माहीत आहे, तेवढीच हाताळायची. इफ वापरून आधी विचारा : बी२ किंवा सी२ मध्ये 'गै' आहे का? असेल तर 'गै' लिहा, नसेल तर बेरीज करा. ॲव्हरेज फंक्शन अक्षरांच्या चौकटी सोडून देतं, त्यामुळे सरासरी १६ च राहते. बाकीच्या चुका दिसू द्या. त्या आपल्याला दुरुस्त करायच्या आहेत.

वर्गात करून बघा : मुद्दाम एक चूक घाला. फॉर्म्युलाज टॅबमधल्या एरर चेकिंगखाली ट्रेस एरर आहे, ते दाबण्याआधी मुलांना विचारा, "चूक कुठून आली असेल?" मग बाण बघून उत्तर पडताळू द्या.