एका घरातल्या दोन ट्यूबा

जून महिन्यात पानिपतचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. ब्लँकेटच्या कारखान्यात तर विचारूच नका. जुन्या कपड्यांपासून सूत काढायची यंत्रं सुरू, हवेत तंतूंची धूळ आणि घामाने अंगाला चिकटलेली पँट. पाळी संपवून माणूस घरी येतो तेव्हा कमरेचा पट्टा असतो तिथली कातडी लाल होऊन खाजत असते. इचलकरंजीहून कामासाठी इकडे आलेल्या आमच्यासारख्या घरांना नायटा काही नवा नाही. आमच्या ह्यांनाही तो झाला आणि कारखान्याजवळच्या मेडिकलमधून ट्यूब आली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. वर दुकानदाराचा दिलासा, "दो दिन में साफ."

आणि खरंच दोन दिवसांत खाज गेली. फसगत होते ती इथेच. औषधाने गुण आला असं वाटतं, ट्यूब बाजूला पडते, आठवड्याभरात डाग परत उठतो आणि ट्यूब पुन्हा निघते. पावसाळा असाच गेला. दिवाळीपर्यंत डाग कमरेवरून मांड्यांवर उतरले होते. एका कड्याच्या आत दुसरं कडं आणि जांघेत रुंद, गुलाबी पट्टे, बाळंतपणानंतर पोटावर उमटतात तसे.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी ट्यूबचा खोका मागितला. मग ब्लेडच्या कडेने डागाच्या काठावरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकात बुरशीचे धागे आम्हालाही दाखवले. खोक्यावर चार औषधांची नावं होती: क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडॅझोल आणि टर्बिनाफिन. यातलं बुरशीवरचं औषध एकच, टर्बिनाफिन. मधली दोन जिवाणू आणि परजीवींसाठीची, नायट्याला त्यांचा उपयोग नाही. आणि क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक. लाली आणि खाज म्हणजे बुरशीशी झुंजताना शरीराने दाखवलेली खूण. स्टेरॉइड ती झुंजच दडपतं. डाग फिका पडतो, कडा पुसट होतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. नायट्याचं हे लपलेलं रूप ओळखणं पुढे डॉक्टरांनाही जड जातं. बुरशीवरच्या गोळ्या कित्येक आठवडे घेतल्यावर नायटा गेला. टॉवेल वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले. जांघेतले पट्टे मात्र राहिले, आणि ते जाणारे नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणून स्टेरॉइडला विष म्हणून मोकळं व्हावं, तर त्याच घरातली दुसरी हकीकत उलटी आहे.

आमच्या मुलीला इसब आहे. इचलकरंजीत तो जाणवायचा नाही. पानिपतच्या जानेवारीत, काला अंबला पानिपतच्या वीरांना वंदन करायला महाराष्ट्रातून माणसं येतात त्या धुक्याच्या दिवसांत, तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणी फुटून रक्ताळतात. रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडचंच मलम लिहून दिलं, पण कमी ताकदीचं. सासूबाईंचा लगेच फोन: "पोरीला स्टेरॉइड? बापाचं काय झालं बघितलं न्हाई व्हय?" त्यांची काळजी खरी होती. पण इसबात बुरशी नसते. तिथे शरीराचा दाहच मूळ दुखणं असतो आणि तो शमवणं हाच उपचार. भीतीपोटी मलम चिमूटभर लावलं, किंवा एक दिवस लावून चार दिवस सोडलं, तर इसब चिघळतो आणि पुढे अधिक तीव्र औषध लागतं. आम्ही सांगितल्याप्रमाणे लावलं. पोरगी झोपू लागली.

मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच की "स्टेरॉइड आहे का?" एवढ्या एका प्रश्नावर थांबू नका. दुखणं कोणतं, मलम किती ताकदीचं, लावायचं कुठे, किती आणि किती दिवस, हे सगळं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. "दिवसातून दोनदा लावा" एवढंच लिहिलं असेल तर "कधीपर्यंत?" हे विचाराच. क्लोबेटासोलसारखं तीव्र औषध सहसा सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरायचं नसतं आणि मोठ्या माणसानेही आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर जायचं नसतं.

किती लावायचं याचं माप बोटावरच आहे. कार्डिफच्या लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी ते 1991 साली मांडलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक ओळ पिळायची. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटं जुळवलेल्या दोन तळहातांएवढ्या कातडीला पुरतं. मूल लहान असलं तरी बोट मोठ्याचंच घ्यायचं आणि डाग आपल्या तळव्याने मोजायचा. मी मुलीच्या कोपराच्या लवणीला आधी तळवा लावून बघते, मगच ट्यूब उघडते. पातळ थर, केसांच्या दिशेने, आणि तोही दुखऱ्या जागेवरच. अंगाला लावायचं साधं मॉइश्चरायझर आणि हे मलम यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवते. वरून पट्टी किंवा प्लॅस्टिक गुंडाळायचं नाही, कारण झाकलेल्या कातडीतून औषध कितीतरी जास्त आत जातं. तान्ह्या बाळाचा डायपरही त्यातच आला.

जागेचा फरक तर विलक्षण आहे. फेल्डमन आणि मायबाख यांनी 1967 साली हायड्रोकॉर्टिसोन कातडीतून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून एक पट धरलं तर कपाळातून सहा पट, जबड्याच्या कोपऱ्यातून तेरा पट आणि अंडकोषाच्या कातडीतून बेचाळीस पट. तळहातावर चालणारं मलम चेहऱ्यावर आणि जांघेत का चालत नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे. डोळ्यांभोवती ते बरेच दिवस गेलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचाही धोका असतो.

चेहऱ्याबद्दल बायकांशी मला वेगळं बोलायचंय. वांगावर म्हणून मिळणाऱ्या अनेक क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोन असतं. डॉक्टरांच्या नजरेखाली ठरावीक दिवस ते योग्यच. पण चेहरा उजळला म्हणून एकीची ट्यूब दुसरीकडे जाते आणि महिनोन्‌महिने लावली जाते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं आणि लव येते, आणि क्रीम थांबवलं की चेहरा आगीसारखा जळतो. भारतातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइडांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी ती ट्यूब आजही सहज हातात पडते, हे मी स्वतः बघते. त्यामुळे राखण आपणच करायची. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि हातात चिठ्ठी नसली, तर ट्यूब परत करा.

कुणी चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावतच असेल, तर हे वाचून एका दिवसात बंद करू नये. जळजळ सोसवत नाही आणि माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. कमी ताकदीच्या औषधावर येत येत ती कशी सोडवायची, हे त्वचेचे डॉक्टर ठरवतात. त्यांच्याकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि किती दिवस लावलं ते न लपवता सांगा.