नक्षी भरताना जाळी बिघडते कुठे?

जालना या नावामागे एक जुलाहा उभा आहे. एका धनवान आणि दानशूर मुस्लिम व्यापाऱ्याच्या इच्छेवरून गावाला हे नाव मिळाले, व तो व्यापारी पेशाने विणकर होता, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. आज याच गावात लोखंडाच्या मिल आहेत आणि आपले अनेक बांधव ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे व मशिदीच्या खिडक्यांच्या जाळ्या तयार करून रोजी कमावतात. विणकराचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. ऑटोकॅडमध्ये जाळीची नक्षी भरण्याची जी सोय आहे, जिला हॅच म्हणतात, तिचे गणित ताण्याबाण्याचेच आहे. ते ध्यानात आले की बिघाड शोधणे अवघड राहत नाही.

पूर्वी गिऱ्हाईक वहीतले चित्र पाहून काम देत असे. आता ठेकेदार व आर्किटेक्ट संगणकावरचे रेखाटन मागतात आणि जाळी पत्र्यातून मशीनवर कापून घेतात. कारागिराला हात चालवता येतो, पण रेखाटन दुसऱ्याकडून करून घ्यावे लागते. त्यात चूक निघाली तर पत्रा वाया जातो तो कारागिराचा, रेखाटन करणाऱ्याचा नव्हे. म्हणून ज्यांच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत आहे त्यांनी हा मजकूर त्यांना अवश्य दाखवावा.

आपली स्वतःची नक्षी एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहितात. तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन पॅट ही तीन अक्षरे येतात. पहिल्या ओळीत तारांकित चिन्ह, नक्षीचे नाव, स्वल्पविराम आणि थोडे वर्णन असते. पुढची प्रत्येक ओळ म्हणजे समांतर रेषांचा एक ताणा. तिच्यात क्रमाने रेषेचा कोन, आरंभबिंदूचे आडवे व उभे माप, मग शेजारच्या रेषेने रेषेच्या दिशेने किती सरकायचे ते, आणि शेवटी दोन रेषांमधले काटकोनातले अंतर लिहितात. तुटक रेषा हवी असल्यास रेघेची लांबी आणि त्यापुढे उणे चिन्हाने मोकळी जागा लिहायची.

आता सहा टोकांच्या ताऱ्याची जाळी घेऊ. जुन्या इमारतींतून ही नक्षी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला तीन ताणे पुरतात:

*सितारा, सहा टोकांचा तारा
०, ०,२१.६५०६, ०,४३.३०१३
६०, ०,०, ०,४३.३०१३
१२०, ०,०, ०,४३.३०१३

(छपाईत आकडे मराठी आहेत. संगणकात मात्र ते इंग्रजी अंकांत आणि नाव रोमन अक्षरांत लिहायचे. मराठी अंक हा प्रोग्राम वाचत नाही.)

यात पहिल्या ताण्याचा आरंभ २१.६५०६ वर, म्हणजे अंतराच्या बरोबर निम्म्यावर आहे. तेथे शून्य लिहून पाहा. तिन्ही रेषा एकाच बिंदूतून जातील आणि ५० मि.मी. बाजूचे नुसते त्रिकोण उमटतील. निम्म्याने सरकवले की २५ मि.मी. बाजूचा षट्कोन व त्याभोवती सहा त्रिकोण असा तारा उघडतो. सारी नक्षी त्या एका आकड्यावर उभी आहे.

सर्वांत महागडा बिघाडही येथेच होतो. पुष्कळ जण ४३.३०१३ हा आकडा गैरसोयीचा म्हणून पहिल्या ओळीत ४३ लिहितात व बाकीच्या दोन तशाच ठेवतात. पडद्यावर हातभर भाग पाहिला तर फरक कळतही नाही. पण दर ओळीला ०.३ मि.मी. घसरण होते. सत्तर ओळी वर गेल्यावर ती २१ मि.मी. भरते. म्हणजे खालच्या अंगाला तारे, मध्ये वेडेवाकडे त्रिकोण, आणि सुमारे ३.१ मीटर उंचीवर तारा नाहीसाच होऊन पुन्हा साधे त्रिकोण! दोन मजली जिन्याची जाळी असेल तर हा दोष उभी केल्यावरच नजरेत भरतो. तिन्ही ओळींत ४३ व आरंभाला २१.५ लिहिले असते तर नक्षी किंचित लहान झाली असती, पण सरळ राहिली असती. आकडा गोल करण्यास हरकत नाही, पण मग सर्व ओळींत सारखा करावा. नक्षी तपासताना ती लहानशा चौकोनात न भरता कामाच्या पूर्ण मापात भरून वरचे टोक पाहावे, हे आम्ही आग्रहाने सांगू.

दुसरा घोळ सरकण्याच्या मापाचा. चौथा व पाचवा आकडा कागदाच्या आडव्या-उभ्याने मोजत नाहीत. चौथा रेषेच्या दिशेने आणि पाचवा तिच्या काटकोनात. विटांची नक्षी पाहा. सांध्यासह वीट २३० बाय ७५ मि.मी. धरली तर आडव्या थरांची ओळ सोपी आहे: ०, ०,०, ०,७५. उभ्या सांध्यांची ओळ अशी: ९०, ०,०, ७५,११५, ७५,-७५. येथे रेषा उभी आहे, म्हणून ७५ हे वर सरकणे आणि ११५, म्हणजे अर्धी वीट, हे बाजूला जाणे. आडवे आधी लिहायची सवय असलेला माणूस ११५,७५ लिहितो आणि भिंत विस्कटते. अशा वेळी पूर्ण फाईल खोडू नये. एकच ओळ ठेवून भरावी, ती बरोबर असेल तर पुढची जोडावी. ज्या ओळीला नक्षी बिघडते तीच दोषी.

कधी प्रोग्राम फाईलच नाकारतो. त्याची कारणे क्षुल्लक असतात व तीच फार वेळ खातात. शेवटच्या ओळीनंतर एन्टर दाबलेले नसते. फाईलचे नाव आणि आतले नक्षीचे नाव वेगळे असते. नोटपॅडने नावाच्या शेवटी गुपचूप टीएक्सटी जोडलेले असते. किंवा मजकूर वर्डमधून उचलल्याने उणे चिन्हाच्या जागी लांब रेघ आलेली असते. डोळ्यांना ती सारखीच दिसते. यांपैकी काही नसेल तर फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तो ऑप्शन्समधील सपोर्ट फाईलच्या मार्गात जोडला आहे का ते पाहा.

नक्षी भरली पण सगळे काळे दिसते, किंवा रेषा फार दाट आहेत असा इशारा येतो, तेव्हा बहुधा इंचातली नक्षी मि.मी.च्या रेखाटनात आलेली असते. प्रमाण २५.४ करून पाहावे. उलट काहीच दिसत नसेल तर नक्षी जागेपेक्षा मोठी झाली आहे किंवा फिलमोड शून्यावर आहे. हद्द सापडत नाही असे आले तर कोपऱ्यावर कोठेतरी रेषा जुळलेली नसते.

फुलापानांची, कमानींची नक्षी मात्र या फाईलमध्ये मागू नये. येथे फक्त सरळ रेषा चालतात. वळणाच्या नक्षीसाठी एक नग ब्लॉक म्हणून काढून एक्सप्रेस टूल्समधील सुपरहॅचने तो पसरवता येतो. फाईल जड होते, पण काम होते.

आता कापण्याकडे. भरलेल्या नक्षीतल्या रेषांना जाडी नसते आणि त्या बंद आकृत्याही नसतात. ती तशीच मशीनवर दिली तर पट्टी न राहता पत्र्याचे तुकडे होतील. म्हणून नक्षी आधी एक्सप्लोड करावी, मग बाउंडरी आज्ञेने प्रत्येक पोकळीची बंद आकृती काढावी व ती ऑफसेटने आत सरकवावी. पट्टी ६ मि.मी. हवी तर ३ मि.मी. आत. आपल्या ताऱ्यातला २५ मि.मी. बाजूचा त्रिकोण मग १४.६ मि.मी.चा उरेल. गिऱ्हाइकाला दर सांगण्याआधी हे माप दाखवावे, कारण कागदावरचा तारा पत्र्यात बराच बारीक दिसतो. कापणाऱ्याला डीएक्सएफ फाईल देताना एकक मि.मी. आहे हे लिहून द्यावे आणि सोबत ज्ञात मापाची एक रेघ, समजा १०० मि.मी.ची, काढून ठेवावी. मशीनवर ती रेघ मोजल्याशिवाय पत्रा चढवू देऊ नये.