परदेशी व्यापार आणि तुलनात्मक लाभ

एखाद्या गावातील वैद्यबुवा नाडीपरीक्षेत निष्णात आहेत आणि माडावर चढून नारळ पाडण्यातही गावच्या पाडेल्याला मागे टाकतात, असे समजू. तरीही नारळ पाडण्यासाठी ते पाडेल्यालाच बोलावतील. कारण उघड आहे. वैद्यबुवा तासभर माडावर असले तर दारी आलेले रोगी परत जातात आणि तेवढ्या वेळचे त्यांचे उत्पन्न पाडेल्याच्या मजुरीहून कितीतरी अधिक असते. एखाद्या कामाची खरी किंमत म्हणजे त्यापायी सोडून द्यावे लागलेले दुसरे काम होय. देशादेशांतील व्यापाराचे मर्म याच हिशेबात आहे.

हा विचार ठसठशीतपणे मांडला तो डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने, १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. त्याने इंग्लंड व पोर्तुगाल यांचे उदाहरण घेतले. ठराविक कापड विणण्यास इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठराविक मद्य तयार करण्यास १२०. पोर्तुगालमध्ये तेच कापड ९० माणसांत व तेच मद्य ८० माणसांत होते. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस. मग त्याने इंग्रजी कापड का घ्यावे?

दोन्ही देशांनी दोन्ही वस्तू घरीच केल्या तर इंग्लंडला २२० व पोर्तुगालला १७० माणसे लागतात. त्याऐवजी इंग्लंडने दुप्पट कापड विणले, पोर्तुगालने दुप्पट मद्य केले आणि निम्म्या मालाची अदलाबदल केली, तर हीच गरज अनुक्रमे २०० व १६० माणसांत भागते. इंग्लंडचे २० जणांचे श्रम वाचतात, पोर्तुगालचे १० जणांचे. लाभ दोघांनाही झाला, जरी एक देश दोन्ही कामांत मागे होता. यालाच तुलनात्मक लाभाचा सिद्धांत म्हणतात. सर्वांत हुशार असणे आवश्यक नाही. आपल्या इतर कामांच्या मानाने जे कमी खर्चात जमते ते करणे पुरेसे असते.

रिकार्डोचे आकडे कल्पित होते. पण व्यापार खरा होता. १७०३ च्या मेथ्युएन करारान्वये इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचे दार खुले झाले, तर पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडमध्ये फ्रेंच मद्याहून एकतृतीयांश कमी जकात ठरली. डौरो नदीच्या खोऱ्यातील द्राक्षमळे बहरले. देशी कापडधंदा मात्र मागे पडला आणि व्यापारातील तूट ब्राझीलच्या सोन्याने भरून काढावी लागली. कागदावर विणकर एका ओळीत द्राक्षमळ्यात जातो. प्रत्यक्षात त्याचा हात मागावर बसलेला असतो आणि मळा दुसऱ्याच्या मालकीचा असतो. देशाची बेरीज वाढली म्हणून प्रत्येक घराची वाढतेच असे नाही. आयातीमुळे काम गमावलेल्यांना शिक्षण व भत्ता देण्याची योजना अमेरिकेने १९६२ च्या कायद्याने सुरू केली, ती याच जाणिवेतून. तिची मुदत २०२२ मध्ये संपली.

विशेषीकरणाची दुसरी बाजू गोमंतकीयांना कोणी शिकवावयास नको. जपानचे पोलाद कारखाने मोठे, परंतु त्याच्या भूमीत लोहखनिज तुटपुंजे. गोव्याचे खनिज मांडवी-जुवारीतून बार्जने मुरगावला उतरून आधी मुख्यतः जपानला आणि पुढे मोठ्या प्रमाणावर चीनला गेले. या व्यवहारात उभयतांचा लाभ होता, हे नाकारता येणार नाही. परंतु बेकायदा उत्खननाच्या प्रश्नावरून २०१२ मध्ये खाणकाम थांबले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१८ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा खाणमजुरांबरोबरच ट्रकमालक, बार्जवरील खलाशी, गॅरेजवाले व रस्त्याकडेचे चहावाले यांचेही उत्पन्न आटले. पुन्हा भातशेतीकडे वळावे, तर कित्येक शेतांत खाणीचा गाळ साचलेला. रिकार्डोच्या हिशेबात फक्त माणसांचे श्रम मोजले होते. त्या गाळाची रक्कम खनिजाच्या किमतीतही कोणी धरली नव्हती.