गोळीचा भोवरा

१ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे ह्यांनीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. ह्या स्पर्धेची गोळी साधारणतः ४० ग्रेन, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅम वजनाची असते. नळीच्या आंतील मळसूत्री खांचा तिला भोवऱ्याप्रमाणें फिरवितात, म्हणूनच ती कोलांटी न खातां नीट जाते. तिला बहुधा १६ इंचांत एक फेरा पुरतो.

जड गोळीस फेरा जलद हवा, असें सर्रास म्हणतात. आमच्या मतें हें अर्धेंच खरें. नळी तीच असतां गोळीची जाडी वाढत नाहीं. वजन वाढवावयाचें तर लांबीच वाढते, आणि लांब गोळीस हवा लवकर उलथविते. तांबें शिशाहून हलकें. सबब तितक्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते व तिला फेराही अधिक जलद लागतो!

१८७९ सालीं इंग्रज गणिती ग्रीनहिल ह्यांनीं शिशाच्या गोळीकरितां सोपा हिशेब दिला. लांबी जाडीच्या किती पट तें पाहावें व त्या अंकानें १५० स भागावें. लांबी तिप्पट, तर जाडीच्या ५० पट अंतरांत एक फेरा. पांचपट, तर ३० पट अंतरांत. विद्यार्थ्यांनीं चौपटीचें उत्तर स्वतः काढावें.