अक्षरांचा अदृश्य जुळारी

पूर्वीं छापखान्यांत पाऊल टाकलें कीं प्रथम दृष्टीस पडे तो जुळारी. त्याच्यापुढें लांकडी खण मांडलेले असत आणि खणाखणांत शिशाचे खिळे भरलेले असत. देवनागरीची जोडाक्षरें, काने, मात्रा ह्या सर्वांस पुरे पडावें म्हणून त्या खणांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागे. 'शक्ति' हा शब्द जुळवावयाचा झाल्यास तो प्रथम श उचली, मग वेलांटी, आणि मग क्त. वेलांटीचा उच्चार मागाहून होत असला तरी कागदावर ती आधीं बसते, हें त्याच्या बोटांना ठाऊक असे. त्याचें नांव पुस्तकावर क्वचितच छापलें जाई. परंतु त्याच्या हातून एक चूक झाली तर ती प्रत्येक प्रतींत उमटे.

आज शिशाचे खिळे बहुतेक ठिकाणांहून गेले. तरीहि संगणकाच्या पडद्यावर व मोबाइलवर 'शक्ति' हा शब्द बिनचूक उमटतो. मग तो जुळवितो कोण? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, संगणकास अक्षर ठाऊक नसतें; त्यास ठाऊक असते ती केवळ संख्या. जगांतील लिपींच्या प्रत्येक चिन्हास एकेक क्रमांक नेमून देण्याची जी व्यवस्था आहे तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देवनागरीच्या मुख्य विभागास २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा दिलेल्या आहेत. क चा क्रमांक २३२५, त चा २३४०, पाय मोडण्याच्या खुणेचा २३८१. त्याप्रमाणें 'शक्ति' हा शब्द संगणकांत २३५८, २३२५, २३८१, २३४०, २३६७ असा सांठविला जातो. म्हणजे श, क, पायमोड, त आणि शेवटीं वेलांटी. हा क्रम उच्चाराचा आहे, दिसण्याचा नव्हे.

वाचकांपैकीं ज्यांच्याजवळ संगणक असेल त्यांनीं हा प्रयोग करून पाहावा. 'शक्ति' असें लिहून पुसण्याची कळ एकेक वेळ दाबावी. बहुतेक संगणकांवर आधीं वेलांटी जाईल, नंतर त जाईल, नंतर क चा मोडलेला पाय पूर्ववत् होईल. दिसावयास दोनच अक्षरें. परंतु तीं पुसण्यास कळ पांच वेळां दाबावी लागते.

ही संख्यांची रांग आणि डोळ्यांना दिसणारा शब्द ह्यांच्यामध्यें जें काम आहे तेंच पूर्वींच्या जुळाऱ्याचें काम. तें आज एक आज्ञासंग्रह करतो. अशा आज्ञासंग्रहास संगणकशास्त्रांत 'लायब्ररी' म्हणतात. येथें ह्या शब्दाचा अर्थ पुस्तकांचें कपाट असा नाहीं. गांवांत एक चांगली विहीर खणली म्हणजे घरोघर निराळा आड खणावा लागत नाहीं. त्याचप्रमाणें एखाद्या अवघड कामाच्या आज्ञा एकदांच नीट लिहून ठेवाव्या, आणि ज्या ज्या सॉफ्टवेअरला त्या कामाची गरज पडेल त्यानें त्या तेथून घ्याव्या, अशी ही योजना आहे.

लिपी जुळविणाऱ्या अशा लायब्ऱ्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'हार्फबझ'. तिचें आजचें स्वरूप मुख्यतः मूळचे इराणचे बेहदाद एस्फहबोद ह्यांनीं घडविलें. नांव फारशी आहे: 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडें. हार्फबझ आपली संख्यांची रांग घेते आणि प्रथम तिचीं उच्चारानुसार अक्षरें पाडते. मग 'क्ति' मधील वेलांटी उचलून सबंध जोडाक्षराच्या आधीं नेऊन ठेवते. 'धर्म' मधील र् उचलून म च्या माथ्यावर चढविते. त्यानंतर हाताशीं असलेल्या फॉन्टमध्यें क्त ची जोडलेली आकृति आहे काय, हें पाहते. शेवटीं कोणती आकृति कोठें बसवावयाची ह्याची यादी ती तयार करते. त्या आकृति प्रत्यक्ष रेखाटण्याचें काम 'फ्रीटाइप' नांवाच्या दुसऱ्या लायब्ररीकडे देतां येतें. एवढें सर्व डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच घडतें.

ह्यांत मराठीपुरती एक खास अडचण आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. 'आचार्यांना आमंत्रण द्या' असें लिहिलें तर विद्वान् गृहस्थ येतील; 'आचाऱ्यांना आमंत्रण द्या' असें लिहिलें तर स्वयंपाकी येतील! हा अर्धा ऱ हिंदीस लागत नाहीं, मराठीस मात्र त्यावांचून चालत नाहीं. युनिकोडमध्यें साध्या र चा क्रमांक २३५२ आणि ह्या ऱ चा २३५३ आहे. एका अंकाचाच काय तो फरक! परंतु तो फरक ओळखून निराळी आकृति काढण्याचा नियम कोणींतरी आज्ञांमध्यें लिहून ठेवावा लागतो. तो नसता, तर आपल्या समुद्राच्या दऱ्या झाल्या असत्या आणि दऱ्यांचा समुद्र झाला असता.

अक्षरें जुळलीं तरी पान जुळत नाहीं. ओळी दोन्ही बाजूंस सारख्या याव्या, शब्दांमध्यें खिंडारें पडूं नयेत, हेंहि पाहावें लागतें. ह्या कामीं ज्यांनीं दहा वर्षांहून अधिक काळ वेंचला ते अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे त्या काळचे प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ होत. त्यांचा जन्म १९३८ सालीं मिल्वॉकी शहरीं झाला. त्यांचे वडील जमाखर्चाचे शिक्षक होते व एक लहानसा छापखानाहि चालवीत. १९७७ सालीं क्नूथ ह्यांच्याकडे त्यांच्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें आलीं. जुनी आवृत्ति शिशाच्या खिळ्यांनीं सुरेख छापलेली होती. नवें यांत्रिक काम पाहून त्यांचें मन खट्टू झालें. अशा पानांवर आपलें नांव घालण्यापेक्षां छपाईची रीतच सुधारावी, असें त्यांनीं ठरविलें. १९७८ सालच्या रजेंत काम संपेल अशी त्यांची अटकळ होती. तें खऱ्या अर्थानें स्थिरावावयास १९८९ साल उजाडलें. त्या कृतीचें नांव 'टेक'. कला व कौशल्य ह्या दोहोंचा अर्थ देणाऱ्या एका ग्रीक शब्दावरून तें घेतलेलें आहे.

टेकची युक्ति अशी. साधी आज्ञावली एक ओळ भरली कीं पुढच्या ओळीकडे वळते. मागें काय झालें ह्याची तिला फिकीर नसते. टेक मात्र सबंध परिच्छेद डोळ्यांपुढें ठेवते. शब्दांमधील जागा किती ताणावी वा दाबावी लागेल ह्याचे दोषांक मांडते, आणि एकंदर दोष ज्यांत सर्वांत कमी तीच मांडणी निवडते. चौथी ओळ चांगली व्हावी म्हणून पहिलीनें थोडें सोसावें, असाच हा न्याय आहे. ही रीत क्नूथ व मायकेल प्लास ह्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केली.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, क्नूथ ह्यांनीं टेकच्या सर्व आज्ञा जगापुढें उघड्या ठेविल्या. १९८६ सालीं त्या ग्रंथरूपानेंहि छापल्या. आणि जो कोणी त्यांत चूक दाखवील त्यास ते बक्षिसाचा धनादेश देत. आरंभीं रक्कम २.५६ डॉलर होती. ती वाढत वाढत ३२७.६८ डॉलरवर स्थिर झाली. पुष्कळ जणांनीं तो धनादेश न वटवितां चौकटींत बसवून भिंतीवर लाविला. आपल्या चुका दाखविणारावर न रागावतां त्याचा गौरव करणारा हा पंडित विद्यार्थ्यांनीं स्मरणांत ठेवावा.

ज्या सॉफ्टवेअरच्या आज्ञा कोणासहि वाचतां, वापरतां, सुधारतां व दुसऱ्यास देतां येतात त्यास मुक्तस्रोत म्हणतात. ह्या उघडेपणाचा लाभ आपल्या लिपीस झालेला आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठांतील फ्रान्स वेल्थाउस ह्यांनीं १९९१ सालीं टेकसाठीं देवनागरीची सोय केली. टेक बंद पेटींत असती तर तें त्यांस कसें साधलें असतें? हार्फबझहि मुक्तस्रोत आहे. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड ह्या सर्वांत तीच जुळाऱ्याचें काम करते. म्हणून तींत एका लिपीची चूक सुधारली कीं ती सुधारणा पुढील आवृत्त्यांबरोबर कोट्यवधि पडद्यांवर पोंचते.

उलट बाजूचा अनुभवहि सांगितला पाहिजे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी फॉन्ट करणारा प्रत्येक जण आपली सोय आपणच पाहत असे. रोमन अक्षरांच्या जागीं मराठी आकृति बसवावयाच्या, आणि कोणत्या जागीं कोणती, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. प्रस्तुत लेखकाच्या एका दिवंगत गुरुजींनीं आपलीं व्याकरणाचीं टिपणें अशाच एका फॉन्टमध्यें लिहून ठेविलीं होतीं. त्यांच्या मागें तो संग्रह उघडला, तों पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन पसारा! फॉन्ट मिळेना, आणि आकृतींचा तक्ता कोठें प्रसिद्ध नव्हता. पुढें कोणा अपरिचित स्वयंसेवकानें तो तक्ता खटपटीनें जुळवून रूपांतराची आज्ञावली सर्वांसाठीं खुली ठेविली, तेव्हां बरींच पानें वाचतां आलीं. कांहीं पानें आजतागायत मुकींच आहेत. ज्या शिक्षकानें जन्मभर कोणापासून कांहीं लपविलें नाहीं, त्याचे शब्द एका झांकून ठेवलेल्या तक्त्यापायीं अडकून पडावे, ही केवढी शोकाची गोष्ट!

विद्या दिल्यानें वाढते, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. मुक्तस्रोत लायब्ररी हें त्या वचनाचें आजचें प्रत्यंतर होय. एकानें लिहावें, दुसऱ्यानें तपासावें, तिसऱ्यानें आपल्या भाषेची उणीव भरून काढावी. मराठीची उणीव मराठी जाणणाऱ्यासच प्रथम दिसणार; मात्र ती बोलून दाखविण्यास व्याकरण पक्कें हवें आणि आज्ञा वाचण्याची चिकाटीहि हवी. ह्या दोन्ही गोष्टी शाळेंतच मिळावयाच्या आहेत. तेव्हां पालकांनीं मुलांस संगणक अवश्य द्यावा, पण त्याबरोबर शुद्धलेखनाची वहीहि द्यावी. उद्यां ह्याच वर्गांतील एखादा विद्यार्थी त्या अदृश्य जुळाऱ्याच्या खणांत आपल्या हातचा एक खिळा घालील. त्याचें नांव कोठें छापलें जाणार नाहीं. परंतु त्याच्या भाषेचें अक्षर जगभर बिनचूक उमटेल.