बटन विकत घेण्याआधी

माझ्या दादाचं येडगाव धरणाच्या फुगवट्यालगत कृषी पर्यटन केंद्र आहे. चार खोल्या, द्राक्षाची बाग आणि चुलीवरचं जेवण. २०१८ साली सरकारने आमचा जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. ओझर-लेण्याद्रीला दर्शनाला येणारं कुटुंब मुक्कामाची जागा आधी मोबाइलवर शोधतं, म्हणून आम्हीही वेबसाइट करून घेतली. केंद्राचा हिशेब आणि बुकिंग मी बघतो. मला दिसत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे आधी रात्रीची नजर गेली, मग दिवसाचीही. फोन मी टॉकबॅकवर चालवतो. पडद्यावर बोट फिरवलं की खाली काय आहे ते तो वाचून दाखवतो.

गेल्या वर्षी दादाला एका कंपनीचा फोन आला. “तुमची साइट दिव्यांगांच्या कायद्यात बसत नाही, पाच लाख दंड होईल. आमचं बटन बसवा, एका दिवसात साइट कायदेशीर.” दादाचं धाबं दणाणलं. त्याने वर्षभराचे पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी साइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र असलेलं गोल बटन आलं. संध्याकाळी दादा म्हणाला, “बघ रे, आता तुला चालतंय का.”

मी बोट फिरवायला लागलो. खोल्यांचे दर होते तिथे टॉकबॅक म्हणाला, “इमेज.” दरपत्रक हा एक फोटोच होता. बागेच्या फोटोवर फाइलचं नाव, म्हणजे आयएमजी आणि पुढे आकड्यांची माळ. जेवणाच्या पानावर तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चुरा कानावर आदळला. हा मजकूर फ्लेक्सवाल्याच्या जुन्या फाँटमधून उचलून चिकटवला होता. बघणाऱ्याला तिथे ‘मासवडी, बाजरीची भाकरी’ दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात आणि टॉकबॅक तीच वाचतो. तारखेच्या चौकटीत बोट ठेवलं तर कॅलेंडर उघडेना. नवं बटन टॉकबॅकने “अनलेबल्ड, बटन” एवढंच म्हणून सोडून दिलं. पैसे परत मागितले तेव्हा करारात परतावा नाही असं उत्तर मिळालं.

असं बटन अक्षर मोठं करतं, रंग बदलतं. फोटोत अडकलेले दर त्याला बाहेर काढता येत नाहीत. कुलूपबंद दुकानावर नवी पाटी लावावी, तसं ते आहे. अमेरिकेत ॲक्सेसीबी या कंपनीने, आपलं साधन कुठलीही वेबसाइट निकषांत बसवतं असा दावा केला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये तिच्यावर कारवाई केली आणि प्रकरण दहा लाख डॉलर भरण्यावर मिटलं. म्हणून अशा फोनवर भिऊन पैसे भरू नका. आधी कायदा काय म्हणतो ते समजून घ्या, कारण तो कायदा खरा आहे आणि मला तो हवा आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ४६ सेवा देणाऱ्यांविषयी आहे. सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, केंद्र सरकारने ठरवलेल्या सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे ती द्यायची आणि त्यासाठी नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत. दंड कलम ८९ मध्ये आहे. पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर कमीत कमी पन्नास हजार आणि जास्तीत जास्त पाच लाख. फोनवाल्याने शेवटचा आकडा तेवढा सांगितला, तो कधी लागतो हे गाळलं.

वेबसाइटने नेमकं काय पाळायचं, यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. २०२३ मध्ये ते कायद्याच्या नियमांत आलं. पुढे राजीव रतूडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि त्याच्या नियमांतला नियम १५ मात्र नुसत्या शिफारशींवर थांबतो, तेव्हा ज्यात तडजोड चालणार नाही असे किमान निकष सरकारने तीन महिन्यांत ठरवावेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याआधी, २०२२ मध्ये, राहुल बजाज या दृष्टिहीन वकिलाच्या तक्रारीवर दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांनी प्रॅक्टो हे खासगी ॲप सुगम्य करायला सांगितलं होतं. तेव्हा ‘हे सगळं सरकारी कार्यालयांसाठी असतं’ या समजुतीत राहू नका.

शेजारच्या एका केंद्रवाल्याने मला विचारलं होतं, “आंधळी माणसं कशाला येतील फिरायला?” त्याला मी एवढंच म्हणालो, मी येतो की. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. माणूस एकटा फिरत नाही, अख्खं घर बरोबर असतं. आणि भर उन्हात वावरात उभं राहून साइटवरची फिकट करडी अक्षरं धडधाकट डोळ्यांनाही वाचता येत नाहीत.

आमची साइट आम्ही नारायणगावातल्या एका मुलाकडून नीट करून घेतली. सगळ्यात मोठं काम दरपत्रकाचं आणि जेवणाच्या यादीचं निघालं. दोन्ही युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली. तुमच्या साइटवरचा मजकूर निवडून व्हॉट्सॲपवर चिकटवून बघा. तिथे मराठी दिसली तर ठीक, इंग्रजी कचरा दिसला तर तो जुना फाँट आहे. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहायला सांगा, नाहीतर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जाण्याची शक्यता राहते. फोटोमागे वर्णन घाला, पण ‘सुंदर निसर्ग’ असलं नको. ‘खोलीच्या ओट्यावरून दिसणारं धरणाचं पाणी’ म्हटलं की मला कळतं, खोली कुठे आहे. अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक किमान ४.५ ला १ असावा. तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. ड्रोनच्या व्हिडिओत कुणी बोलत असेल तर खाली मजकूर हवा, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोन करता येत नाही म्हणून मेसेजवर बुकिंग घेणारा नंबर हवा. कॅलेंडर आम्ही काढूनच टाकलं. तारीख टाइप करायची साधी चौकट ठेवली आणि तिला ‘येण्याची तारीख’ असं नाव दिलं.

एक गोष्ट कुठलाही वेबसाइटवाला स्वतःहून विचारणार नाही, ती मालकानेच लिहायची असते. खोलीला किती पायऱ्या आहेत, न्हाणीघराला उंबरा आहे का, दरवाजा किती रुंद आहे, गाडी कुठपर्यंत येते. आमच्या दोन खोल्यांना तीन पायऱ्या आहेत, हे आता साइटवर स्वच्छ लिहिलेलं आहे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस पुण्याहून दोन-अडीच तास बसून आला आणि दारातच अडकला, तर तो अपमान त्याच्या वाट्याला येतो, आपल्या नाही.

तपासायला मोठा खर्च येत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सुगम्यतेच्या भागात टॉकबॅक असतो. संगणकासाठी एनव्हीडीए हा तसाच वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट आहे, मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी तो २००६ पासून घडवला. माउस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या कळीने बुकिंग पुरं होतं का, तेही बघा. पण डोळे मिटून केलेली चाचणी पुरेशी मानू नका. रोज टॉकबॅकवर जगणाऱ्या माणसाला बोलवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

नवी साइट करून घेणार असाल तर हे सगळं करारात घाला. आयएस १७८०२ पाळलं जाईल, मजकूर युनिकोडमध्ये असेल, आणि दिसत नसलेल्या माणसाने कुणाच्याही मदतीशिवाय एक बुकिंग करून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. हप्ता निम्म्याच्या आसपास ठेवा. त्याहून कमी असला तर साइट बनवणारा तो सोडून देऊन पुढच्या कामाला लागतो.